गेलं म्हणायचं नाही

सुरेखा,

प्रिय वगैरे लिहीत नाही. तू असताना कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुलाच हसू येईल.

आठ दिवस झाले, तुझ्या शाळेचा राग पोटात घेऊन फिरतेय. कुणाला तरी ऐकवल्याशिवाय भाकरी गिळायची नाही. तुझा नवरा दत्ता दुसऱ्या पाळीला गेलाय. शेजारच्या बायकांना सांगावं तर त्या तुझं नाव निघालं की डोळ्याला पदर लावतात आणि चहा होईपर्यंत बसून राहतात. मला वीट आलाय त्या पदरांचा. उरलीस तूच. इतकी वर्षं माझं ऐकून घेतलंस, आणखी थोडं ऐक.

आणि लिहिताना आहे-नाही लिहायचं, हाय-न्हाय नाही, हे तूच पोरांना सांगायचीस. मी दुसरी शिकलेली बाई. जमेल तसं लिहिते. चुकलं तर लाल पेन घेऊन येऊ नकोस.

तर सांगायचं हे की त्यांनी माझं पातेलं काचेच्या कपाटात ठेवलं!

कुठलं, असं विचारू नकोस. एकच आहे ते. पितळेचं. माझ्या लग्नात मामांनी दिलेलं, काठावर टिंब-टिंब ठोकून नाव घातलेलं, ‘सौ. हौसाबाई हिला मामांकडून’. त्याच पातेल्यावरून आपलं पहिलं भांडण झालं. आठवतं का? न आठवायला काय झालं.

तू या घरात येऊन वर्ष झालं नव्हतं. सकाळी मी त्यात दूध तापवून ठेवलेलं. तू ते दुसऱ्या भांड्यात ओतलंस आणि माझं पातेलं धुऊन पिशवीत घालायला लागलीस. कुठं न्यायलीस विचारलं, तर म्हणालीस, “आत्या, पोरांना आज पदार्थ शिकवायचाय.”

मला काय वाटणार? मी म्हटलं, “कुठला? खीर करणार असलीस तर त्यात करपती. जाड बुडाचं घिऊन जा.”

तू दारातच हसत बसलीस. मग सांगितलंस, पदार्थ म्हणजे खायचाच असं नाही, दगड पण पदार्थ, पाणी पण पदार्थ, हवा पण पदार्थ. मी म्हटलं, “दगूड पदार्थ असंल तर आज दत्ताच्या डब्यात त्योच घाल की.” तू गेलीस ती पातेलं घेऊनच गेलीस. सासूला न विचारता!

चार दिवसांनी परत आणलंस, तर आत पांढरा थर. मिठाचं पाणी उन्हात ठेवलं होतंस म्हणे, पोरांना पाणी आटताना दाखवायला. खरवडून खरवडून घासलं तेव्हा आतली कल्हई निघाली. मी भडकले. म्हटलं, कल्हई गेली माझी. तर तू तोंड वर करून विचारलंस, “कुठं गेली, आत्या?”

मला वाटलं ही पोरगी माझी चेष्टा करते. नंतर कळलं, वर्गात तुझा कायदाच होता तो. पाणी आटलं की पोरं म्हणायची, पाणी गेलं. तू म्हणायचीस, गेलं म्हणायचं नाही, कुठं गेलं ते सांगायचं. ठाऊक नसलं तर ठाऊक नाही म्हणायचं, त्याला मार्क कापत नाहीत. पण नुसतं ‘गेलं’ म्हणून हात झटकायचे नाहीत.

वर्गात केलंस ते केलंस, घरात पण तेच. तुझी लेक पल्लवी बोलायला लागली तशी या घरात एक गोष्ट सुखानं जाईना! चहात साखर गेली म्हणावं, तर कुठं? दोरीवरच्या लुगड्याचं पाणी गेलं, तर कुठं? ट्रंकेतली डांबरगोळी झिजून गेली, तर कुठं? एकदा आरतीत कापूर जळून गेला, तेव्हा मीच आधी म्हणून टाकलं की देवाकडं गेला, म्हटलं आता काय विचारशील? तर त्या चार वर्षांच्या कार्टीनं नाक ओढलं आणि म्हणाली, “न्हाय आजी, नाकात गेला.” तू देवापुढं उभी राहून तोंडात पदर कोंबून हसत होतीस. मला दिसत नव्हतं असं वाटलं काय तुला?

कल्हईचं पण ऐक. मी आरडाओरडा केला म्हणून तू कल्हईवाल्याला बोलावलंस, हे ठीक. पण त्याला आपल्या दारात बसवायचं सोडून शाळेच्या फाटकाशी बसवलंस! पातेलं माझं आणि जत्रा तिसरीच्या वर्गाची. मी बघायला आले होते, लांब उभी होते. कथलाची कांडी तापल्या पितळेवर घासली की तिचं पाणी झालं, कापसानं फिरवलं की ते पाणी पांढरं लख्ख होऊन तिथंच बसलं. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती. एकानं विचारलं, बाई, हे आता पाणी हाय का लोखंड? तू म्हणालीस, तूच हात लावून सांग, गार झाल्यावर. आणि सगळी रांगेत उभी राहून माझ्या पातेल्याच्या पोटावर हात फिरवत गेली. चाळीस पोरांचे शेंबडे हात! मी घरी नेऊन चिंचेनं घासलं.

हेडमास्तरांनी त्या दिवशी सगळ्यांदेखत तुला काय सुनावलं ते मी कानांनी ऐकलंय. “बाई, धडा पुस्तकात आहे, रस्त्यावर नाही.” वर धुरानं मुलं खोकली म्हणून दोघा-तिघा आईबापांनी तक्रार केली, आणि तुझ्याकडून लेखी खुलासा मागितला. वर्ग ओला केला म्हणून आणखी एकदा. पोरांना बर्फ चोखायला दिला म्हणून आणखी एकदा.

दत्ता आता म्हणतो, आई, तू तेव्हा तिच्या बाजूनं बोलली नाहीस. नाहीच बोलले. पातेलं माझं होतं. आज जरी तू न विचारता उचललंस तरी भांडीन.

आणि मरायचं काय कारण होतं गं तुला? डोळे हळदीसारखे झाले होते. मी म्हटलं दवाखान्यात जा, दत्तानं म्हटलं, समोरच्या मेडिकलवाल्यानं म्हटलं. तू काय म्हणालीस? चाचणी परीक्षा उरकते आणि जाते. उरकली का? पोरांना पाण्याची वाफ कुठं जाते ते सांगत बसलीस, आणि आपल्या अंगातलं रक्त कुठं चाललंय ते बघितलं नाहीस. याचा राग माझा जाणार नाही. कुठं जाणार नाही, ते विचारू नकोस.

त्यांनी शाळेत शोकसभा घेतली. मी दत्ताला म्हटलं होतं, मला नेऊ नको. नेलं. तुझा लग्नाआधीचा फोटो कुठून तरी मिळवलेला, त्याला प्लास्टिकचा हार. हेडमास्तर माईकवर म्हणाले, “उपक्रमशील, प्रयोगशील, विद्यार्थिप्रिय.” तोच माणूस गं! तेच तोंड! धुराची तक्रार करणारी ती चौकातली बाई पहिल्या रांगेत बसून नाक पुसत होती. मग हेडमास्तर म्हणाले, “सुरेखाबाई आज आपल्यातून निघून गेल्या.”

पल्लवी माझ्या मांडीवरून उतरली. उभी राहिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “कुठं?”

मग त्या चौकातल्या बाईनं तिला ओढून कुशीत घेतलं, म्हणाली देवबाप्पाकडं गं सोन्या. मागून दुसरी म्हणाली, आई चांदणी झाली. आणि एक मास्तर वाकून, अगदी गोड आवाजात म्हणाले, “बाळा, असं विचारायचं नसतं.”

बघ. तू इतकी वर्षं घासून घासून जे शिकवलंस, ते एका ओळीत पुसलं.

त्या दिवसापासून पोरीनं विचारणं सोडलं. तुला पटायचं नाही, पण खरं आहे. चहात साखर टाकते, ढवळते, पिते. कापूर जळतो, ती हात जोडून उभी. मला आधी वाटलं, बरं झालं, कान निवले. पण घर असं मुकं झालं की माझ्याच भांड्यांचा आवाज मला ऐकवेना. तुझ्या जागी आलेल्या नव्या बाईंनी गाईड घ्यायला लावलंय. संध्याकाळी भिंतीकडं तोंड करून, पुढं-मागं हलत घोकते, “ज्या पदार्थाला निश्चित आकार व निश्चित आकारमान असते त्यास स्थायू म्हणतात.” एकदा मी विचारलं, पीठ स्थायू का द्रव गं? ओतलं की वाहतं, परातीत घातलं की परातीसारखं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही. “गाईडमधी न्हाय ते,” म्हणाली.

तुझी पोरगी, सुरेखा! गाईडमध्ये नाही म्हणे! माझ्या अंगावर काटा आला, झुरळ चढावं तसा.

दत्ताला सांगितलं. तो काय करणार? दिवसभर फौंड्रीत लोखंडाचा रस ओततो, घरी आला की स्वतःच साच्यात ओतल्यासारखा खुर्चीत बसतो. म्हणाला, लहान आहे, विसरंल. मला तीच भीती होती.

अशात शाळेतून बोलावणं आलं. तुझ्या नावानं विज्ञान दालन उघडणार, घरच्यांनी यावं. दालन म्हणजे काय, तर हेडमास्तरांच्या खोलीबाहेर एक काचेचं कपाट. वर पाटी, तुझ्या नावाआधी ‘कै.’ लावलेली. खाली दुसरी पाटी त्याहून मोठी, ‘हात लावू नये’.

मी काचेला नाक लावून बघितलं. एका ताटलीत दगड, त्यावर चिठ्ठी ‘स्थायू’. एक फुगा, त्यावर चिठ्ठी ‘वायू’, आणि तो वायू फीत कापायच्या आधीच चिमून लिंबाएवढा झालेला. आणि मधोमध माझं पातेलं. तू आजारी पडलीस तेव्हा शाळेतच राहिलं होतं ते. त्याला बाहेरून वार्निश फासलेलं, आणि आत निळ्या रंगानं रंगवलेला थर्माकोल! चिठ्ठी, ‘द्रव’.

पाण्याच्या जागी थर्माकोल, सुरेखा. ज्या शाळेच्या अंगणात नळ आहे, त्या शाळेत! पाणी ठेवलं तर आटतं म्हणे, रोज कोण भरणार?

मला इतकी शिसारी आली की पुढची भाषणं मी ऐकलीच नाहीत. पेढा हातात दिला तो मी हातातच धरून ठेवला, घाम येऊन त्याचा लगदा झाला. सगळे पांगल्यावर मी हेडमास्तरांना म्हटलं, “सर, कुलूप काढा. माझं पातेलं न्यायला आलोय.”

ते हसले. म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं. म्हणाले, आजी, बाईंची आठवण आहे ती. मी म्हटलं, आठवण तुमच्यापाशी ठेवा, पातेलं द्या. दत्ता माझा दंड धरून म्हणाला, राहू दे की आई, तिचं होतं. मी म्हटलं, तिचं? कुणाच्या लग्नात आलेलं, तिच्या का माझ्या?

मग हेडमास्तर कंटाळून म्हणाले, “आजी, ते आता डेडस्टॉकला लागलंय, शाळेच्या मालाच्या वहीत चढलंय. काढता येत नाही.”

“म्हंजे वो?”

ते काही बोलायच्या आत पल्लवी बोलली. खाली बघून, हळू. “डेड म्हंजे मेलेलं, आजी.”

मी त्या पोरीकडं बघितलं, मग त्या माणसाकडं बघितलं. म्हटलं, “सर, पातेलं मेलेलं न्हाय. कल्हई उडालीया नुसती. कुलूप काढा, न्हाईतर मी हितंच बसतोय.”

आणि बसले. ‘हात लावू नये’च्या खाली फतकल मारून बसले. शाळा सुटायची वेळ, पोरं गोळा झाली, त्यांच्या आया गोळा झाल्या. दत्ता लाजेनं फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. शेवटी शिपायाला हाक गेली, किल्ली आली. तरी हेडमास्तर अडून बसले. पातेलं हातात धरून म्हणाले, “हे तुमचंच, कशावरून?”

नाव कुठं होतं ठाऊक आहे? त्या ‘द्रव’च्या चिठ्ठीखाली! बरोबर नावावर चिकटवलेली. मी नखानं खरवडायला लागले. डिंक पक्का, वर वार्निश. माझं नख तुटलं. तेव्हा पल्लवीनं पुढं होऊन आपली पट्टी दप्तरातून काढली, तिच्या कडेनं ती चिठ्ठी सोलून काढली आणि टिंबांवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, “सौ. हौसाबाई हिला मामांकडून.” तुझ्यासारखं वाचते. शब्द तोडून, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असं.

मी थर्माकोल काढून त्यांच्या हातात दिला आणि पातेलं काखेत मारून पेठेतून चालत घरी आले.

वार्निशचं काय करायचं? माझ्या घासण्यानं ते हलेना. दुसऱ्या दिवशी कल्हईवाल्याकडं नेलं, तोच, तुझ्या ओळखीचा, आता गुडघे दुखतात म्हणतो. त्यानं भट्टीवर धरून ते जाळलं. असा घाण वास सुटला! पल्लवीनं नाक दाबलं. वार्निश गेलं, पण तिनं काही विचारलं नाही. मी वाट बघितली. नाहीच विचारलं. कथलाचं पाणी झालं, चकाकलं, तरी ती कल्हईवाल्याच्या चपलेकडं बघत बसली.

मी शाळेत इतका तमाशा केला तो पातेल्यासाठी केला, असं गल्लीत म्हणतात. म्हणू देत. पातेल्यासाठीच केला. पण नव्या कल्हईचं पातेलं फळीवर उपडं ठेवताना मला कळेना, की त्यात करू काय? दूध आता स्टीलमध्ये तापतं.

मग मीच मीठ घातलं त्यात. नवी कल्हई, आणि त्यात मीठ! तुझ्या हातून घडलं असतं तर तुला घराबाहेर काढलं असतं. वरपर्यंत पाणी ओतलं आणि गच्चीवर उन्हात नेऊन ठेवलं. पल्लवीला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, रोज शाळेला जाताना बघून ये, कावळा तोंड घालतो का.

ती रोज जायची, रोज येऊन सांगायची, न्हाय घातलं. बस. आत गाईड.

आज सकाळी वरून तिनं हाक मारली. माझे गुडघे काय सांगू, तरी चढले. ती पातेल्यापाशी उकिडवी बसलेली. म्हणाली, “आजी, पाणी तुझ्या नावाच्या खाली गेलं.”

मी कधी विचारलं नव्हतं गं. तुम्ही दोघी विचारायच्या, मी चिडायची. हा माझा प्रश्नच नव्हे. पण विचारलं.

“कुठं गेलं?”

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग पातेलं कलतं करून बुड तपासलं, भोक पडलंय का. फरशी चाचपली, ओली आहे का. काठाला पांढरं धरलं होतं, त्याला बोट लावून चाटलं. “मीठ हितंच हाय,” म्हणाली. “पाणीच तेवडं गेलंय.”

“कुठं पर?”

“थांब की,” माझ्यावर खेकसली. “बघतोय.”

शाळेची वेळ झाली होती. मी म्हटलं नाही. कठड्याला टेकून उभी राहिले. जरा वेळानं, पातेल्यातच बघत, तिनं विचारलं, “आजी, आई कुठं गेली?”

चांदणी म्हणता आलं असतं. देवबाप्पा म्हणता आलं असतं. माझ्या जिभेवर आलं पण होतं, सवयीनं. मग तुझा कायदा आठवला.

“मला ठाऊक न्हाय,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. पोरानं बरोबर उत्तर दिलं की तू हलवायचीस ना, एकदाच, तशी. मग दप्तर उचलून जिना उतरायला लागली आणि निम्म्यातून ओरडून सांगितलं, त्यातलं पाणी वतू नकोस, मी आल्यावर बघणार हाय.

तर सुरेखा, माझा शब्द घे. पातेलं परत काचेत जाणार नाही. शाळेला पाहिजे असेल तर पोरांच्या हातात द्यायला न्यावं, आणि नेताना मला विचारून न्यावं, तुझ्यासारखं नव्हे. या घरात पल्लवी जे विचारेल ते विचारेल, तिला गप्प कर म्हणणाऱ्याला चहा मिळणार नाही. आणि तुझ्याबद्दल माझ्यासमोर कुणी ‘गेली’ म्हटलं, तर मी विचारणार, कुठं? बघू किती जणांना येतंय उत्तर.

आता उठते. गच्चीवर कावळा ओरडतोय.

तुझी सासू,
पातेल्यावर नाव आहे तीच,
हौसाबाई